मांजर फुकट, पुढचे सारे विकत

दीड-दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सोमवारची ओपीडी संपत आली होती. साठीच्या एक मावशी उजवा हात पदराखाली धरून आत आल्या. पदर बाजूला केला तर हात मनगटापर्यंत टम्म सुजलेला, आणि अंगठ्याच्या बुडाशी दोन बारीक भोके. त्यांवर वाळलेली हळद.

"मांजर चावलं डॉक्टर, शुक्रवारी."

"जखम धुतली का मावशी?"

"हळद दाबली की लगेच."

"आणि मांजर कुठे आहे?"

"मेलं ते. त्याच रात्री."

हे शेवटचे वाक्य ऐकले की आमचा सगळा हिशेब बदलतो. चावलेले कुत्रे किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवता आले आणि ते धडधाकट राहिले, तर रेबीजची भीती मागे पडते आणि पुढचे डोस थांबवता येतात. इथे मांजर त्याच रात्री गेलेले, परसातल्या पेरूखाली पुरलेले. तपासायला काही उरले नव्हते. म्हणजे लशीचा पूर्ण कोर्स, जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, शिवाय सुजलेल्या हातासाठी शिरेतून प्रतिजैविके. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून जखम दिसते टाचणीएवढी, पण जंतू खोल सांध्यापर्यंत किंवा स्नायूबंधापर्यंत पोहोचतात, त्यामुळे कुत्र्याच्या चाव्यापेक्षा मांजराचा चावा जास्त वेळा पिकतो. मावशी चार दिवस वॉर्डात होत्या.

मांजर चावले कसे, हे दुसऱ्या दिवशी राउंडला कळले. ते दोन दिवस मलूल होते, खात नव्हते. आमच्या गावात जनावरांचे खासगी डॉक्टर आहेत, पण तपासणीचे पाचशे रुपये आणि रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे. मावशी दोन घरी पोळ्या करतात. त्यांनी आपल्याच डब्यातली तापाची गोळी अर्धी केली आणि मांजराचा जबडा उघडून आत सारायला गेल्या. पहिल्या प्रयत्नात ते चावले, दुसऱ्या प्रयत्नात गोळी गेली. संध्याकाळी त्याचे तोंड सुजले, हिरड्या तपकिरी पडल्या, धाप लागली.

ती गोळी पॅरासिटामॉलची होती. आपल्या यकृतात या औषधाचा निचरा करणारी जी मुख्य रासायनिक वाट आहे, ती मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. औषध साचते, त्याचे विषारी रूप तयार होते आणि रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या लायकीचे उरत नाही. अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. लहान मुलांना आपण निर्धास्तपणे देतो ते औषध मांजराला विष असते, हे मी स्वतः मांजर पाळेपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. आमच्या अभ्यासक्रमात मांजर येते ते चावण्यापुरतेच.

ते मांजर गोळीने गेले, आधीच्या आजाराने गेले की रेबीजने, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून तर पूर्ण कोर्स द्यावा लागला. मावशींच्या खिशातून एक रुपया गेला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा मोफत आहे, आणि ते योग्यच आहे. पण लस, इम्युनोग्लोब्युलिन, प्रतिजैविके आणि चार दिवसांची खाट मिळून सरकारी तिजोरीतून गेलेला पैसा काही हजारांत जातो. मांजराच्या रेबीजच्या सुईला खासगीत तीनेकशे रुपये पडतात. चावल्यानंतर माणसाला लागणाऱ्या सुया आपण फुकट देतो, आणि ती वेळ कमी यावी म्हणून मांजराला द्यायची सुई मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडून देतो. हा हिशेब मला उलटा वाटतो.

मांजर हे आपल्याकडे फुकटचे जनावर समजले जाते. कुत्रा 'पाळतात', मांजर 'येते'. पावसाळ्यात जिन्याखाली पिल्लू ओरडते, घरातले पोर ते उचलून आणते, वाटीभर दूध ठेवले की झाले. खर्चाचा विचार त्या क्षणी कुणाच्याच मनात नसतो.

आमचा बंड्या असाच आला. लेकीने तो ओढणीत गुंडाळून आणला तेव्हा तो माझ्या तळहातावर मावत होता. माझ्या पत्नीला सगळे लिहून ठेवायची सवय आहे, त्यामुळे पहिल्या वर्षाचा खर्च वहीत आहे. तिहेरी लशीचे दोन डोस १,८०० रुपये. रेबीजची लस ३००. जंतांचे औषध आणि दोन-तीन तपासण्या १,४००. नसबंदी ३,५००. शीचा ट्रे, वाट्या आणि न्यायची पेटी १,५००. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो म्हणून खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी ६,०००. खाणे महिन्याला सरासरी १,२०० आणि ट्रेमधली माती ६००. वर्षाअखेर बेरीज ३६,१०० रुपये. फुकट आलेल्या गावठी बोक्याचा हा खर्च.

प्रत्येक घरात तो एवढाच होतो असे नाही. अंगण असेल तर विकतची माती लागत नाही. कोकणात किंवा कोळीवाड्याजवळ राहणाऱ्यांना मासळीची डोकी मिळतात. पण खाण्यात काटकसर करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मांजर हे पक्के मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला अन्नातूनच मिळवावे लागते, आणि ते मांस-मासळीत असते, दूध-पोळीत नाही म्हणण्याइतके कमी असते. टॉरिन कमी पडले की मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिले. डोळ्यांचा पडदा त्यामुळे खराब होतो हे तर त्याआधीच माहीत होते. पुढे खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा हृदयविकार झपाट्याने कमी झाला. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत दूधभातावर वाढवलेल्या मांजराचा खर्च कमी दिसतो, पण तो नंतर वसूल होतो. दुधाचेही तेच. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि हगवण लागते. मांजर म्हटले की दूध हे समीकरण आपल्या म्हणींनी पक्के केले आहे, मांजराच्या आतड्यांना ते मान्य नाही.

लस आणि नसबंदी या दोन रकान्यांत काटकसर करू नये असे मला वाटते. तिहेरी लस तीन विषाणूंपासून वाचवते. त्यातला पॅनल्युकोपेनिया पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवतो, आणि झाल्यावर उपचारांचा खर्च लशीच्या कितीतरी पट. साधारण आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी पुढचा, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, जी पुढे दरवर्षी द्यायची.

नसबंदीला लोक का कू करतात. "निसर्गाच्या विरुद्ध कशाला?" हा प्रश्न मला माणसांच्या कुटुंब नियोजन शिबिरांतही ऐकायला मिळाला आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. ६३ ते ६५ दिवसांत तीन-चार पिल्ले होतात, आणि वर्षात अशा दोन-तीन खेपा. पिल्ले मग पिशवीत घालून मंडईत सोडली जातात. ती जगली तर दोन वर्षांनी त्यांतलेच एखादे आमच्या ओपीडीतल्या कुणाला तरी चावून गेलेले असते. नसबंदी न केलेल्या मांजरीला वय झाल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि तेव्हा तीच शस्त्रक्रिया तातडीची, धोक्याची आणि कितीतरी महाग होते. मांजरींमधल्या स्तनाच्या गाठी बहुतेक कर्करोगाच्या निघतात. पहिल्या माजाच्या आधी नसबंदी झाली तर हा धोका खूपच घटतो. माज थांबवायला अधूनमधून हार्मोनची इंजेक्शने देऊन काम भागवणारेही असतात. त्यांनी तो धोका उलट वाढतो.

खरी परीक्षा ठरलेल्या खर्चाची नसते, अचानक आलेल्या खर्चाची असते. बंड्या तीन वर्षांचा असताना एका रविवारी सकाळपासून तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कण्हत होता आणि काही न करता बाहेर येत होता. मी निदान केले: बद्धकोष्ठ. चमचाभर तूप चाटवले आणि पेपर वाचत बसलो. संध्याकाळी तो उलट्या करू लागला तेव्हा लेकीने माझे काही न ऐकता त्याला पेटीत घातले. पशुवैद्य बाईंनी पोटाला हात लावला आणि क्षणात सांगितले, लघवी अडली आहे. मूत्राशय चेंडूसारखे टणक झाले होते. रक्तातले पोटॅशियम इतके चढलेले की हृदयाचे ठोके मंद पडू लागले होते. लघवी अडलेल्या म्हाताऱ्यांना नळी घालण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली, आणि घरातला रुग्ण मला ओळखता आला नाही.

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. खडे किंवा चिकट गाळ अडकला की एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतो आहे आणि थेंबही पडत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. पाणी कमी पिणारे, फक्त कोरडे खाद्य खाणारे, लठ्ठ बोके यात जास्त सापडतात. म्हणून ओले खाणे आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या हा स्वस्तातला उपाय.

तीन दिवसांचे बिल २२,४०० रुपये झाले. सुरुवातीला बाईंनी अंदाज सांगितला आणि अगदी हळू आवाजात विचारले, "करू या ना पुढे?" हा प्रश्न मी ओळखतो. योजना यायच्या आधीच्या काळात रुग्णाच्या मुलाला बाजूला घेऊन मी तो कित्येकदा विचारला आहे. आता माणसांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, सरकारी खाट आहे. मांजरासाठी मालकाचा खिसा, एवढीच योजना. माझा पगार होता म्हणून मी हो म्हणालो. मावशींना कुणी हा प्रश्न विचारला असता तर? बिल जास्त आहे असे मात्र मी म्हणणार नाही. नळी, सलाईन, रक्ततपासणी, रात्रभर जागणारा माणूस, हे सगळे आमच्याकडेही लागते. आमच्याकडे ते बिलावर दिसत नाही इतकेच.

इथे विम्याचा विषय येतो. मी रोज मेडिक्लेमचे फॉर्म भरतो म्हणून की काय, मांजराच्या विम्याबद्दल मला विचारणारे अलीकडे वाढले आहेत. भारतात कुत्र्यांचे विमे आधी आले, मांजरांसाठीच्या पॉलिसी गेल्या काही वर्षांतल्या आणि मोजक्याच. त्यांतला बारीक अक्षरांतला मजकूर माणसांच्या पॉलिसीसारखाच वाचावा. विमा अनिश्चित खर्चासाठी असतो. लस, जंतांचे औषध, नसबंदी, खाणे हे ठरलेले खर्च सहसा त्यात येत नाहीत, आणि लोकांची पहिली निराशा तिथेच होते. पॉलिसीआधीचा आजार वगळलेला असतो. सुरुवातीच्या काही दिवसांत झालेल्या आजाराचा दावा चालत नाही. वयाची अट असते. लसीकरणाचे कार्ड पूर्ण नसेल तर दावा अडतो. आणि मांजर तेच आहे याचा पुरावा लागतो. आपल्या आळीतली निम्मी मांजरे करड्या पट्ट्यांची, एकाच साच्यातली. फोटोवर कोण ओळखणार? म्हणून मायक्रोचिपची गरज पडते, म्हणजे आणखी एक खर्च.

फ्लॅटमधल्या पर्शियन मांजरांची सध्या हौस आहे. त्यांच्यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. चपट्या नाकामुळे श्वासाचे आणि डोळ्यांचे त्रास वेगळेच. ज्यांना विमा सर्वांत उपयोगी पडला असता, त्यांचेच आजार 'आनुवंशिक' म्हणून पॉलिसीबाहेर राहत नाहीत ना, हे विकत घेण्याआधी लेखी विचारावे. (विदर्भातल्या मे महिन्यात एवढी लोकर अंगावर घेऊन ते जनावर काय विचार करत असेल, हा माझा वेगळा प्रश्न आहे.)

लेस्टरला राहणारी माझी भाची तिच्या मांजरीसाठी दरमहा विम्याचा हप्ता भरते. तिकडे पशुवैद्यकांची बिले इतकी वाढली की स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०२४ मध्ये त्या बाजाराची रीतसर चौकशी सुरू केली. तिचा अनुभव असा की मांजरीचे वय वाढले तसा हप्ताही वाढला आणि प्रत्येक दाव्यात स्वतःच्या खिशातून भरायचा वाटाही वाढला. तरीही ती भरते, कारण एका मोडलेल्या पायाचे बिल तिच्या महिन्याच्या पगाराला भारी पडले असते. आपल्याकडे गावठी, नसबंदी केलेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराच्या मालकाने हप्त्याऐवजी पोस्टात आवर्ती ठेव उघडावी, असे माझे मत आहे. ती महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होते. पाचशे भरले तर पाच वर्षांत मुद्दलच तीस हजार होते, म्हणजे बंड्याच्या त्या रविवारपेक्षा जास्त. आजारी पडले नाही तर पैसे आपलेच राहतात. महागडे जातिवंत मांजर असेल, किंवा एकदम वीस-पंचवीस हजार काढणे अशक्य असेल आणि हप्ता परवडत असेल, तर विमा जरूर पाहावा. पहिल्या सहा महिन्यांत मोठा आजार आला तर माझी आवर्ती ठेव काही कामाची नाही, हे मीही कबूल करतो.

मात्र महिन्याला पाचशे हीच ज्यांच्यासाठी मोठी रक्कम आहे, त्यांचे काय? "परवडत नसेल तर पाळू नका" हे सोपे उत्तर मला पटत नाही. मावशींनी ते मांजर आणले नव्हते, ते उंदरांच्या मागे त्यांच्या घरात आले होते. त्या एकट्या राहतात. संध्याकाळी घरात दुसरा श्वास असतो याची किंमत मी त्यांच्या रक्तदाबाच्या कागदावर लिहू शकत नाही.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करते आहे, महालक्ष्मीला टाटा समूहाच्या न्यासांनी २०२४ मध्ये लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय उघडले. तालुक्याच्या गावांना त्याचा उपयोग नाही. तिथे असतो तो सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तो आहे गाई-म्हशी-शेळ्यांसाठी, अशी सगळ्यांची समजूत, आणि कामाचा बोजा पाहता ती फार चुकीचीही नाही. पण तिथे नाममात्र सेवाशुल्कात कुत्रा-मांजरही तपासले जाते, हे माझ्या वॉर्डातल्या एकाही नर्सला माहीत नव्हते. ६ जुलैला प्राणिजन्य आजार दिनी आणि २८ सप्टेंबरला रेबीज दिनी अनेक ठिकाणी मोफत लसीकरण होते. वर्षातून दोन दिवस पुरेसे नाहीत. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे, आणि बहुतांश रेबीज कुत्र्यांमुळेच होतो हे खरे. त्याच दवाखान्यांत आठवड्यातला एक दिवस कुत्र्या-मांजरांच्या लशीसाठी राखला आणि आमच्या ओपीडीतल्या प्रत्येक चाव्याच्या केसपेपरवर त्या दवाखान्याचा पत्ता छापला, तर फार मोठा निधी लागणार नाही. दोन खात्यांनी एकमेकांना फोन करावा लागेल, एवढेच.

तोवर आपल्यापुरते: मांजर चावले किंवा ओरखडून रक्त आले तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. मांजराला लस दिलेली असली तरी या. मांजराला आपल्या डब्यातली कोणतीही गोळी देऊ नका, आणि कुत्र्याचे गोचिडांचे औषध तर मुळीच लावू नका. त्यातले परमेथ्रिन मांजराला मारते. घरात कुणी गर्भवती असेल तर टोक्सोप्लाझ्माच्या भीतीने मांजर पोत्यात घालून सोडून यायची गरज नाही. ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ करावा, मांस नीट शिजवावे. शीतले जंतू संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, रोजची सफाई त्याआधीच काम करते.

मावशी अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस घ्यायला आल्या तेव्हा हात पूर्ण बरा होता आणि पिशवीत एक पिल्लू होते. "याला सुई कुठं मिळंल?" मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तीन महिन्यांचे झाले की पाठवा, पण एका कुपीत पाच डोस असतात, एकासाठी फोडली तर चार वाया जातात. पाच जनावरे जमवून आणा. मावशींनी आपल्या आळीतली मांजरे बोटांवर मोजायला सुरुवात केली.